ड्रॅगनच्या राज्यात धान्याचा भाव

प्रश्न : कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या आग्रहाखातर मी 'अ गेम ऑफ थ्रोन्स' वाचायला घेतलं आणि बघता बघता जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे पाचही खंड संपवले. ड्रॅगन आणि बर्फातली भुतं भेटतील म्हणून पुस्तक उघडलं होतं. हाती लागले कर्जाचे आकडे, बंद पडलेले रस्ते, महागाई आणि दंगली. कल्पनेच्या राज्यात लेखकाला हवं ते करता येतं, मग ही किराणा दुकानातली रड कशासाठी? आणि राजधानीत जशी दंगल होते, तशी खरोखर होत असते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : 'किराणा दुकानातली रड' हे शब्द मी वहीत उतरवून ठेवले. या पुस्तकांबद्दल इतकं नेमकं बोलणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं, आणि तुम्ही तर ते तक्रार म्हणून बोललात! उत्तर देताना कथानक फुटणार आहे, तेव्हा ज्यांच्या कपाटात हे खंड अजून वाचायचे राहिले असतील त्यांनी पान उलटावं.

पहिल्या वाचनात मीही आकड्यांवरून नजर फिरवून पुढं गेलो होतो. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या खंडात (1996) एडार्ड स्टार्क राजाचा मुख्य कारभारी म्हणून राजधानीत येतो. घोड्यावरून उतरतो न उतरतो तोच त्याला सल्लागारांच्या बैठकीत नेतात, आणि पहिलाच विषय निघतो तो त्याच्याच सन्मानार्थ भरवायच्या मर्दानी खेळांचा. भालेबाजीत पहिल्याला 40,000 सोन्याचे ड्रॅगन (हे नाण्याचं नाव बरं का), दुसऱ्याला 20,000, झुंजीतल्या विजेत्याला 20,000, तिरंदाजाला 10,000. एकूण 90,000. म्हातारा सल्लागार पायसेल विचारतो, खजिन्यात आहेत का एवढे? खजिनदार लिटलफिंगर हसत सांगतो की खजिना रिकामा असून राज्यावर साठ लाखांवर कर्ज आहे. त्यातलं निम्मं राणीच्या बापाचं, बाकीचं इतरांचं, आणि हल्ली तर धर्मपीठापुढंही हात पसरावा लागतो. खेळ मात्र व्हायलाच हवेत, राजाची तशी मर्जी आहे.

आता दुसरा खंड (1998). राजा मेलेला आहे, गादीवर तेरा वर्षांचा जॉफ्री आहे, आणि त्याचा बुटका मामा टिरियन कारभार हाकायला शहरात शिरतो आहे. बाजारातून जाताना त्याच्या कानावर भाव पडतात : कलिंगडासारखं एक फळ सहा तांब्याच्या नाण्यांना, एक बुशेल धान्य चांदीच्या एका नाण्याला, डुकराची सहा हडकुळी पिल्लं सोन्याच्या एका ड्रॅगनला. चांदीच्या या नाण्याचं नाव स्टॅग, आणि 210 स्टॅग म्हणजे एक ड्रॅगन. बुशेल म्हणजे ढोबळ मानानं पंचवीस किलो धरा. मग त्या 90,000 ड्रॅगनांचे स्टॅग होतात 1 कोटी 89 लाख, म्हणजे दुष्काळी भावानंसुद्धा तितकेच बुशेल धान्य. राजधानीत माणसं पाच लाखांच्या आसपास. भागाकार तुम्हीच करा. माणशी नऊ क्विंटलच्या वर जातो. दोन-चार दिवसांच्या खेळांची बक्षिसं ही!

हिशेब अर्थातच गमतीचा. कारण कुणी तेवढं सोनं चौकात ओतलं असतं तरी धान्य आलं नसतं. ते आणायचा रस्ताच बंद होता. राजधानीला जगवायचा तो दक्षिणेतला हायगार्डनचा सुपीक मुलूख. तिथून येणारा हमरस्ता रेनली या दुसऱ्या दावेदारानं अडवलेला, कारण हायगार्डनचे टायरेल त्याला जाऊन मिळालेले. मधला नद्यांचा प्रदेश खुद्द राजाच्याच पक्षाच्या फौजेनं जाळलेला. जॉफ्रीचा आजा टायविन यानं शत्रूची रसद तोडायची म्हणून जी शेतं पेटवली, त्यांतली बरीचशी नातवाच्या राजधानीलाच पोसू शकली असती. खंडाच्या सुरुवातीला नकाशा दिलेला असतो. त्यावर हे रस्ते एकदा बोटानं गिरवून बघा; निम्मं कथानक नकाशातच सापडतं. आणि रेनली काय करत होता? बिटरब्रिजला प्रचंड छावणी टाकून खेळ भरवत होता, मेजवान्या झोडत होता. त्याला घाई नव्हती.

तुमच्या 'कशासाठी'चं उत्तर इथंच दडलेलं आहे. कारस्थानांच्या कादंबऱ्या खूप असतात. बंद दाराआड चार माणसं कुजबुजतात, पाचव्याचा खून होतो, वाचक खूश. त्या कुजबुजीचा भुर्दंड बाजारात कुणाच्या पदरी पडतो, हे सहसा कुणी लिहीत नाही. मार्टिन लिहितात. एका मुलाखतीत त्यांनी टोल्कीनबद्दल प्रेमानंच कुरकुर केली होती की आरागॉर्न चांगला राजा झाला म्हणून सांगतात, पण त्याचं करांचं धोरण काय होतं ते सांगत नाहीत. अनेकांना तो विनोद वाटला. मला ती या पाच खंडांची गुरुकिल्ली वाटते.

ती दंगल जरा जवळून बघू. तिची सुरुवात एका देखण्या कारस्थानातून होते. आपल्या बैठकीतल्या बातम्या राणी सर्सीकडं कोण पोचवतं, हे टिरियनला शोधायचं असतं. तो तीन सल्लागारांना तीन वेगवेगळ्या सोयरिकींचे बेत गुपित म्हणून सांगतो आणि वाट बघतो. राणी चिडून येते ती राजकन्या मर्सेलाला डॉर्नमध्ये देण्याच्या बेतावरून. हा बेत फक्त म्हाताऱ्या पायसेलला सांगितलेला असतो. पायसेल तुरुंगात जातो. साडेतीन शहाण्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वाचताना गुदगुल्या होतात. शिवाय डॉर्नची सोयरीक खरीच असते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. ठरल्याप्रमाणे राजकन्या गलबतात बसते, राजघराणं धक्क्यावर जाऊन निरोप देतं. इथवर सगळं जमून येतं.

मग परत यायचं असतं. टिरियनच्या हिशेबात एवढंच राहून गेलेलं असतं.

रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी आहेत. जयजयकार तुरळक, बाकी नुसत्या नजरा. शिपायांच्या फळीतून एक बाई धावत पुढं येते. तिच्या हातांत मेलेलं तान्हं मूल आहे, निळं पडलेलं, सुजलेलं. ते ती डोक्यावर उचलून धरते. जॉफ्री घोडा तिच्या अंगावरून घालणार असं वाटतं, तेवढ्यात शेजारून एडार्डची मुलगी सान्सा त्याला काही तरी सांगते. मग तो थैलीत चाचपडून चांदीचं एक नाणं बाईकडं फेकतो. नाणं मेलेल्या मुलावर आपटून घरंगळत गर्दीत जातं. दहाबारा माणसं त्यावर तुटून पडतात. बाईची पापणीही हलत नाही.

पेन्सिलवाल्या वाचनात मी इथं थबकलो. ते नाणं स्टॅग आहे. एक बुशेल धान्याची किंमत. मार्टिन त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. शेकडो पानांआधी बाजारात ऐकलेला भाव वाचकाच्या ध्यानात असेल तर असेल.

पुढचं तुम्ही वाचलंच आहे. बाई राणीला तिच्या भावावरून शिवी हासडते, कुठून तरी शेणाचा गोळा येऊन राजाच्या तोंडावर बसतो, आणि जॉफ्री शेण ज्यानं फेकलं त्याला पकडून देणाऱ्याला शंभर ड्रॅगन देऊ करून आपल्या अंगरक्षकाला गर्दीत घुसायला सांगतो. नऊ-दहा प्रकारच्या घोषणा असतात, त्या सगळ्या बुडवून एकच शब्द वर येतो : पाव. पालखीतल्या गलेलठ्ठ मुख्य धर्माधिकाऱ्याला लोक ओढून काढतात आणि फाडतात. राजाच्या सात रक्षकांतला एक मारला जातो. टिरेक नावाचा राजघराण्यातला पोरगा गायब होतो, तो पाच खंड झाले तरी सापडलेला नाही. गोंधळाचा फायदा घेऊन कुणी तरी त्याला उचललं असावं, असा संशय पुढं राणीचा भाऊ जेमी याच्या मनात येतो. म्हणजे दंगलीच्या पोटातही एखादं कारस्थान असू शकतं!

आता तुमचा दुसरा प्रश्न. असं खरंच होतं का? अर्धं होतं.

भाकरीवरून पेटलेली शहरं इतिहासात पुष्कळ. 5 ऑक्टोबर 1789 ला पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावासाठी पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला, राणीला, युवराजाला घेऊनच परतल्या. त्या तिघांना लोकांनी त्या दिवशी नाव दिलं ते बेकरीवाला, त्याची बायको आणि त्याचं पोर. पण ई. पी. थॉम्पसन या इंग्रज इतिहासकारानं 1971 साली एका गाजलेल्या निबंधात असं दाखवून दिलं की अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधले धान्याचे दंगेखोर नुसते भुकेनं पिसाळलेले नसत. रास्त भाव काय असावा याची त्यांची एक पक्की समजूत असे. कितीदा तरी ते साठेबाजाचं धान्य ताब्यात घेत, रास्त भावानं विकत आणि आलेले पैसे मालकाच्या हवाली करत. आपल्याकडंही बघा ना. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. माणसं मारण्यापेक्षा त्यांचा रोख होता वह्या आणि कर्जरोखे मिळवून जाळण्यावर. काय जाळायचं हे त्या जमावाला नीट ठाऊक होतं.

मार्टिन यांचा जमाव त्या मानानं आंधळा आहे. त्या बाईखेरीज त्याला चेहरा नाही. बाजारातला बेकरीवाला, कोठारावर चालून जाणारी गल्ली, भाव ठरवायला पुढं होणारी एखादी म्हातारी, असं कुणी दिसत नाही. सगळं आपण घोड्यावर बसलेल्या टिरियनच्या नजरेनं पाहतो आणि त्याला खाली दिसतात ते नुसते हात. इथं लेखक कमी पडला, असं मी कित्येक वर्षं म्हणत असे. हल्ली तेवढं ठासून म्हणवत नाही, कारण पुढं काय होतं ते बघा.

पुढं एक होतं ते असं की धान्य येतं. रेनली मरतो, टायरेल बाजू बदलतात, तिसऱ्या खंडात (2000) हायगार्डनहून गाड्यांवर गाड्या शहरात शिरू लागतात आणि लोक टायरेलांची लेक मार्जरी हिला डोक्यावर घेतात. ज्या घराण्यानं रस्ता अडवला त्याच घराण्यानं तो उघडला, आणि अन्नदाता म्हणून मिरवलं. उपासमारीच्या काळात शहर राखण्यासाठी धडपडलेल्या टिरियनच्या वाट्याला मात्र 'हा बुटकाच आमच्या मुळावर आला' एवढंच येतं. मला विचाराल तर पाचही खंडांतलं सगळ्यात यशस्वी कारस्थान हेच. विष नाही, सुरा नाही, नुसत्या बैलगाड्या.

दुसरं जे होतं ते चौथ्या खंडात (2005). फाडल्या गेलेल्या धर्माधिकाऱ्याच्या जागी टिरियन आपला माणूस बसवतो. त्याला पुढं सर्सी मारवते. तोवर जळालेल्या मुलखातून फाटकी माणसं शहरात येऊ लागलेली असतात. स्वतःला ती चिमण्या म्हणवतात. लढाईत मारल्या गेलेल्या साध्यासुध्या धर्मसेवकांची हाडं गाड्यांत भरून ती आणतात आणि मोठ्या मंदिरासमोरच्या पुतळ्याच्या पायाशी रचतात. नव्या धर्माधिकाऱ्याची निवड चाललेली असताना हेच लोक कुऱ्हाडी घेऊन दार फोडून आत शिरतात आणि आपल्यातल्याच एका अनवाणी, हाडकुळ्या म्हाताऱ्याला खांद्यावर बसवून गादीवर नेतात. दंगलीत ज्या जमावाला चेहरा नव्हता त्याला इथं तो मिळतो.

आणि सर्सी त्याच्याशी सौदा करते. राज्याचं धर्मपीठाला देणं आहे 9,00,674 ड्रॅगन. आठवतं का, खेळांच्या बैठकीत लिटलफिंगर कुणापुढं हात पसरल्याचं म्हणाला होता? असल्याच उधळपट्टीपायी साठत गेलेलं ते कर्ज. म्हातारा ते माफ करायला तयार आहे. त्याला मोबदल्यात फक्त धर्मसेनेला पुन्हा शस्त्र धरायची मुभा हवी आहे. पूर्वीच्या राजांनी रक्त सांडून काढून घेतलेली ती तलवार सर्सी एका खातेवहीच्या पानापायी परत देते आणि आपण किती स्वस्तात सुटलो म्हणून मनातल्या मनात नाचते. मार्जरीला खोट्या आरोपात अडकवायला ती याच धर्मसेनेचा उपयोग करू बघते, पण म्हातारा साक्षीदाराला फटके मारून खरं वदवून घेतो आणि संध्याकाळपर्यंत राणीच कोठडीत असते. पाचव्या खंडात (2011) तिची वस्त्रहीन धिंड निघते. ही कल्पना मार्टिन यांनी इतिहासातून उचललेली आहे. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याची रखेल जेन शोर हिला 1483 साली लंडनमध्ये नुसत्या अंतर्वस्त्रावर, हातात मेणबत्ती घेऊन असं प्रायश्चित्त करत चालावं लागलं होतं. जेनला बघून लोक हळहळले, असं थॉमस मोर लिहून गेला आहे. सर्सीवर हळहळायला कुणी नसतं.

मार्टिन यांच्या कथेचा सांगाडाच मुळी इंग्लंडमधल्या 'गुलाबांच्या युद्धां'चा आहे. 1455 पासून तीसेक वर्षं लँकेस्टर आणि यॉर्क ही दोन घराणी गादीसाठी झुंजली. त्यांचे इथं झाले लॅनिस्टर आणि स्टार्क. मेजवानीला बोलावून कापून काढण्याचा तो भयंकर प्रसंग एडिंबराच्या किल्ल्यातल्या 1440 च्या भोजनावरून आणि ग्लेन्कोच्या 1692 च्या कत्तलीवरून सुचला, हेही त्यांनी सांगितलेलं आहे. आपल्याकडच्या वाचकाला यासाठी स्कॉटलंडला जायची गरज पडत नाही. शिपाई विकत घेतले की राजवाडा विकत मिळतो, हे लिटलफिंगरनं एडार्डचा घात केला तेव्हा ज्यांना धक्का देऊन गेलं असेल, त्यांनी 30 ऑगस्ट 1773 चा शनिवारवाडा आणि ते गारदी आठवावेत.

राहता राहिले ड्रॅगन. तुमची खरी तक्रार त्यांच्याबद्दल आहे हे मला कळतं. तेव्हा समुद्रापलीकडच्या मीरीनला जाऊ. तिथली राणी डेनेरिस हिनं गुलामांना मुक्त केलं आहे. तिच्याकडं तीन ड्रॅगन आहेत आणि हेतू स्वच्छ आहे. एवढ्यावर बहुतेक लेखकांनी पुस्तक संपवलं असतं. मार्टिन तिला दरबारात बसवतात आणि फिर्यादी ऐकायला लावतात. चांगल्या घरातले, पण सगळं गमावून बसलेले लोक म्हणतात, आम्हाला स्वतःला विकू द्या, निदान दोन वेळचं मिळेल. तीही परवानगी देते आणि व्यवहारावर दहा टक्के करही लावते. रात्री गल्लीबोळांत मुखवटे घातलेले मारेकरी तिचे शिपाई टिपतात. शहराभोवतीची ऑलिव्हची झाडं जळून गेलेली आहेत, विकायला काही उरलेलं नाही. मागं अस्तापोर शहरात तिनं एक वैद्य, एक पंडित आणि एक पुजारी यांच्या हाती कारभार दिला होता. त्यांना बाजूला सारून तिथं एक खाटीक राजा झालेला आहे.

पाचव्या खंडातला तिचा पहिलाच दरबार पुन्हा काढून वाचा. ग्राझ्दान नावाचा एक बडा असामी येतो. त्याच्याकडं एक म्हातारी विणकर गुलाम होती, तिचा हात फार कसबी. तिच्याकडून शिकलेल्या मुली आता मोकळ्या होऊन दुकान चालवतात. त्यांच्या मिळकतीत मला वाटा हवा, कारण म्हातारी माझी होती. राणी विचारते, तिचं नाव काय होतं? त्याला आठवत नाही. दोनतीन नावं चाचपडून बघतो. राणी त्याचा दावा फेटाळते आणि त्या मुलींना एक नवा माग घेऊन द्यायचा हुकूम सोडते. माग कशाबद्दल, तर नाव विसरल्याबद्दल.

मग मेंढपाळ येतात, जळक्या हाडांची गाठोडी घेऊन. ड्रॅगननी मेंढ्या खाल्ल्या, भरपाई द्या. दरबारातला कारभारी कुरकुरतो, की ही हाडं ड्रॅगननीच जाळली कशावरून? तरी राणी पैसे देते. दिवस संपत येतो, एकेक करून लोक पांगतात. एक माणूस मात्र मागं रेंगाळलेला असतो. त्याच्याजवळही पोतं आहे. तुझ्याही मेंढ्या का, म्हणून विचारल्यावर तो बोलत नाही, पोतं फरशीवर उपडं करतो. हाडं जळलेलीच असतात, पण मेंढीची नसतात. त्याच्या लहान मुलीची असतात.